उपस्थित सर्वांच्या एकमताने

१

मंगळवारी सकाळी नऊ चाळीसला कंपनीच्या चाचणी मनोऱ्याच्या तळाशी, लिफ्टच्या खड्ड्यात काका सापडले. अंगात इस्त्रीचा पांढरा शर्ट होता, कारण नऊ वाजता संचालकांची सभा होती आणि चार संचालकांपैकी ते एक होते. सभेला ते आले नाहीत. त्यांच्यावाचून सभा झाली, ठराव झाला, हस्तांदोलनं झाली, आणि तेवढा सगळा वेळ काका शंभर पावलांवर खाली पडून होते.

मी मुद्रितशोधक आहे. लोकांच्या चुका शोधायच्या आणि त्याचे पैसे घ्यायचे, असा माझा अडतीस वर्षांचा धंदा. या लिफ्टच्या कंपनीला आयपीओ आणायचा होता, म्हणजे आजवर घरात असलेले शेअर लोकांना विकायचे होते. त्यासाठी जे जाडजूड माहितीपत्रक काढावं लागतं, त्याची आपल्या भाषेतली आवृत्ती मी वाचत होते. कागद बाहेर न्यायला बंदी होती म्हणून मला तिथेच एक खोली दिली होती, टेबल, दिवा आणि खिडकीतून दिसणारा तो सात मजली मनोरा. त्यात कारखान्याच्या लिफ्ट वर-खाली करून तपासत.

काम मला मिळालं ते बाईंमुळे. बाई म्हणजे कंपनीच्या अध्यक्ष, काकांच्या थोरल्या वहिनी. नवऱ्यानं कंपनी उभी करेपर्यंत त्या शाळेत भाषा शिकवायच्या, आणि चौथीपासून सातवीपर्यंत मी त्यांच्या वर्गात होते. अख्खा कारखाना त्यांना बाई म्हणतो. मी मात्र खऱ्या अर्थानं म्हणते, कारण ह्रस्व-दीर्घाच्या चुकांसाठी त्यांच्या छड्या मी खाल्ल्यात.

बुधवारी दुपारी सेक्रेटरी माझ्या टेबलाशी आली. पस्तिशीची, टापटीप, कधी डोळे वर करून न बोलणारी मुलगी. तिनं एक कागद पुढे केला.

“जोखमीच्या प्रकरणात हा परिच्छेद वाढवायचाय. शुक्रवारी सगळं दाखल करायचं आहे. व्याकरण तेवढं बघा.”

मी वाचलं. ‘कंपनीच्या चाचणी मनोऱ्यात एका कर्मचाऱ्याने दरवाजाचे कुलूप सैल ठेवल्याने, त्याच्या निष्काळजीपणामुळे, एका संचालकांचा अपघाती मृत्यू झाला. सदर कर्मचाऱ्यास निलंबित करण्यात आले आहे.’

व्याकरण ठीक होतं. पण तो ‘सदर कर्मचारी’ म्हणजे मनोऱ्याचे मिस्त्री. सव्वीस वर्षं काकांच्या हाताखाली काम केलेला माणूस. हे वाक्य एकदा छापून दाखल झालं की पोलीस त्याच वाक्यावर गुन्हा लावणार, हे सेक्रेटरीनंच मला सांगितलं. सांगताना तिचा आवाज बसला होता.

“दोन दिवस द्या,” मी म्हणाले.

ती गेल्यावर मी आधी वाचून झालेला गठ्ठा पुढे ओढला. एक पान मला आठवत होतं. आणि ते जर मला आठवतंय तसं असलं, तर काका सभेला येणार नाहीत हे कुणाला तरी सोमवारीच माहीत होतं.

२

पान तसंच होतं.

ते होतं ठरावाचं. मंगळवारच्या सभेत व्हायचा ठराव, सोमवारी दुपारी टाइप केलेला. याचं नवल वाटून घेऊ नका. या कंपनीत सभेचं इतिवृत्त सभेच्या आधीच लिहून ठेवतात. घरचेच चार जण, चाळीस वर्षांत कुणी मोडता घातला नाही, मग सभा होईपर्यंत थांबायचं कशाला, असा सरळ हिशेब. मी अशा इतिवृत्तांची जुनी बाडंच्या बाडं वाचली होती, आणि प्रत्येकात एकच साचा होता. ‘सर्व संचालकांच्या एकमताने ठरले की...’

सोमवारच्या पानावर होतं, ‘उपस्थित सर्व संचालकांच्या एकमताने ठरले की...’

तो एक शब्द वाढला होता. सोमवारीच मी त्याखाली रेघ मारून समासात प्रश्नचिन्ह टाकलं होतं, आणि सवयीप्रमाणे पानाच्या कोपऱ्यात सही आणि तारीख. सेक्रेटरीला तेव्हाच विचारलंही होतं, की आजवर नसलेला शब्द आज कुठून आला. ती म्हणाली होती, “वरून आलंय.” मी पुढचं पान घेतलं. जे वाढलंय ते का वाढलंय हे विचारून मला पैसे मिळत नाहीत.

आता मी कंपनीची मूळ नियमावली काढली. बाईंच्या नवऱ्यानं लिहून ठेवलेलं कलम होतं. मालकी बाहेर द्यायची झाली तर ‘उपस्थित सर्व संचालकांचे’ एकमत हवं. एकानं नाही म्हटलं की विषय संपला. पण जो हजर नाही, त्याचं नाही धरायचं नाही.

आणि काका नाही म्हणणार होते. ही काही गुप्त बातमी नव्हती. सोमवारी चहाच्या वेळी माझ्या खिडकीशी उभे राहून ते मला म्हणाले होते, “ताई, मी उद्या नाही म्हणणार. आज एक ब्रेक पास करायला मी तीनशे वेळा लिफ्टची गाडी पाडून बघतो. उद्या शेअर बाजारात गेलो की दर तीन महिन्यांनी कुणीतरी विचारणार, तीनशे कशाला, शंभर पुरे की. आणि आमच्या घरात नाही म्हणायची कुणाला सवय नाही. ते त्याला हो म्हणतील.” मग हसले, आणि माझ्या पेल्यात आपल्या थर्मासमधला चहा ओतून गेले.

अडुसष्ट वर्षांचा, हट्टी, भला माणूस. तो मेला याचं मला दुःख होतं आणि त्याच्या मरणाचं खापर दुसऱ्या भल्या माणसावर फुटतंय याचा संताप होता. मी छत्री घेतली आणि मिस्त्रींच्या घरी गेले.

३

दोन खोल्यांचं घर. मिस्त्री पलंगाच्या कडेला बसले होते, कामाचेच कपडे घालून, जणू आत्ता कुणी बोलावेल. त्यांची बायको दारातच मला म्हणाली, “काल सकाळपासून पोटात अन्न नाही. तुम्ही तरी सांगा.”

“साहेबांना मीच मारलं,” मिस्त्री म्हणाले. “पोलिसांना पण तेच सांगणार आहे. तिसऱ्या मजल्याच्या दाराचं कुलूप सैल असणार. सोमवारी संध्याकाळी मी घट्ट केलं होतं असं मला वाटतंय. पण वाटतंय म्हणजे काय, माणूस विसरतो.”

“तुम्ही विसरता?”

“आजपर्यंत नाही. पण साहेब मेले ना. मग मीच विसरलो असणार.”

मी त्यांना सुरुवातीपासून सांगायला लावलं. काका रोज साडेआठला मनोऱ्याच्या लिफ्टमध्ये बसत. स्टूल, थर्मासची पिशवी, डोळे मिटून गाडी वर-खाली न्यायची आणि ब्रेकचा आवाज ऐकायचा. त्या दिवशी मिस्त्री बरोबर नव्हते. पावणेनऊला ऑफिसातून निरोप आला, की सभेच्या खोलीच्या कपाटाचं दार लागत नाही. ते हत्यारं घेऊन गेले. कपाटाचं दार व्यवस्थित लागत होतं. पण आलोच आहे तर म्हणून त्यांनी ऑफिसातल्या इतर खोल्यांतली कपाटंही बघितली, आणि परत आले तेव्हा नऊ चाळीस झाले होते.

“गाडी कुठे होती?”

“चौथ्यावर. साहेबांची पिशवी तिसऱ्या मजल्यावर, दारासमोर. म्हणून तर सगळे म्हणतात, साहेब चौथ्यावर उतरले, जिन्यानं तिसऱ्यावर आले, पिशवी खाली ठेवली, आणि कुलूप बघायला दार ओढलं. ते सैल होतं. आत गाडी नव्हती.”

“पिशवी कुठे आहे?”

पिशवी त्यांच्याकडेच होती. पोलिसांनी बघून परत दिली होती आणि कुणी न्यायला आलं नव्हतं. मी उघडली. आत वही, चष्म्याचं घर आणि थर्मास. थर्मास हलवला तर आत काचा खुळखुळल्या. चहा झिरपून वहीची पानं तपकिरी झाली होती.

“मिस्त्री, खाली ठेवलेल्या पिशवीतला थर्मास फुटतो का?”

त्यांनी थर्मास माझ्या हातातून घेऊन कानाशी हलवला.

“आणखी एक. सेक्रेटरीनं परिच्छेदासोबत डॉक्टरांचा कागदही दिला होता, त्यात आहे, उजव्या तळहाताला ग्रीस.”

“ते तर आमच्या सगळ्यांच्या हाताला...” मिस्त्री बोलता बोलता थांबले. “पण सभेच्या दिवशी साहेब कशाला हात लावत नसत. शर्ट खराब होतो म्हणून. नुसतं बोट दाखवायचे, मी करायचो.”

“दाराला ग्रीस कुठे असतं?”

“बाहेरून कुठेच नाही. कुलपाचा खटका आतल्या बाजूला असतो, गाडी जिथून वर-खाली होते त्या शाफ्टच्या अंगाला. तिथे मी सोमवारीच लावलं होतं.” आता ते उभे राहिले होते. “पण तिथे हात लावायचा तर माणूस आत पाहिजे. गाडीत. आणि गाडी मध्येच अडकलेली पाहिजे. मनोऱ्याची वीज गेल्याशिवाय गाडी मध्ये अडकत नाही, आणि मंगळवारी वीज गेलीच नव्हती.”

“मनोऱ्यात घड्याळ आहे?”

“आहे की. भिंतीवर, त्याच लाइनवर. सोमवारी मीच त्याची वेळ लावलीय.”

मी तिथून सरळ मनोऱ्यावर गेले. पहारेकऱ्यानं दार उघडून दिलं. भिंतीवरचं घड्याळ चालू होतं आणि माझ्या मनगटावरच्या घड्याळापेक्षा पंचवीस मिनिटं मागे होतं.

४

मनोऱ्याच्या विजेचं मुख्य बटण ऑफिसच्या तळमजल्यावर, जिन्याखालच्या खोलीत. कुलूप नाही. चारही संचालक रोज त्या खोलीवरून जातात, आणि सेक्रेटरीही. म्हणजे बटण कुणीही दाबलं असेल. घोडं तिथेच पेंड खात होतं.

गुरुवारी सकाळी मी संचालकांना गाठायला सुरुवात केली. कारण सोपं काढलं होतं. आयपीओ का आणायचा हे प्रत्येकानं आपल्या शब्दांत सांगावं, म्हणजे मला भाषा नीट करता येईल. आणि मंगळवारी सभेला कोण कोण होतं याची एक ओळ प्रत्येकानं हातानं लिहून द्यावी, परिच्छेदासाठी.

पहिले दादा. बाईंचा मुलगा, व्यवस्थापकीय संचालक, पन्नाशीचे. टेबलावर नव्या कारखान्याचा पुठ्ठ्याचा नमुना होता, छोट्या झाडांसकट.

“बाबांनी एक कारखाना काढला. मी काय केलं? रंग दिला,” ते म्हणाले. “आयपीओ आला की दुसरा निघेल. शिवाय त्या दिवशी बाजारात आपण घंटा वाजवायची असते, फोटो निघतो. हसू नका. आमच्या धंद्यात माणसाचं नाव कुठेच दिसत नाही. लिफ्टमध्ये उभा राहून कुणी कंपनीचं नाव वाचतं का?”

“काका नाही म्हणाले असते तर?”

“तर थांबलो असतो. म्हणजे आयुष्यभर थांबलो असतो. हिशेबाचे आकडे शिळे झाले की पुन्हा सगळं पहिल्यापासून करावं लागतं, आणि आईचं वय आता एकोणऐंशी आहे.” त्यांनी डोळे चोळले. “ताई, काकांनी मला सायकल शिकवली हो. मी त्यांच्या वाईटावर नव्हतो.”

ते सभेच्या खोलीत पावणेनऊपासून बसून होते. जावई आणि सेक्रेटरीही तिथेच. “फक्त आई पाच मिनिटं उशिरा आली. वयानं होतं असं.” त्यांनी ओळ लिहून दिली. ‘सभेला चौघेही उपस्थीत रहाणार होतो.’ थी दीर्घ. मी मनातल्या मनात रेघ मारली.

जावई पैशांचा विभाग सांभाळतात. ओठ दाबून बोलणारा, थकलेला माणूस.

“खरं सांगू? आज माझे शेअर म्हणजे कपाटातला कागद. विकता येत नाही, गहाण टाकता येत नाही. वीस वर्षं या घरात राबलो आणि हातात काय, तर जावई हे पद. बाजारात गेलो की त्या कागदाला भाव येईल. मग मला कुणाकडे बघून हसायला लागणार नाही.”

“सभेत काय झालं?”

“पावणेनऊपासून दादा, सेक्रेटरी आणि मी बसून होतो. सभा दहा मिनिटांत संपली. काका आले नाहीत, थोडी वाट बघू म्हटलं, तर सासूबाई म्हणाल्या, वेळ म्हणजे वेळ. ठराव झाला. आम्ही दोघं हात मिळवतोय आणि वळून बघतो तर सासूबाई खोलीत नाहीत. हात धुवायला गेल्या होत्या.” त्यांनी ओळ लिहिली. ‘काका सोडून सगळे उपस्तिथ होते.’ मग म्हणाले, “काही राहिलं असेल तर ते अॅड करून घ्या.”

मी बाईंच्या खोलीचं दार वाजवलं. दोन प्रश्न विचारून बाहेर यायचं आणि हे सगळं खोटं निघायचं, एवढंच मला हवं होतं.

“ये गं,” बाई म्हणाल्या. “दमलीस. बस आधी.”

खुर्चीत लहान दिसत होत्या. दीर जाऊन दोन दिवस झाले होते आणि डोळे सुजलेले होते, खरे सुजलेले.

“आयपीओ का, म्हणून विचारतेस? मुलं तुला कारखाना आणि भाव सांगतील. मला वाटणी करायची आहे. मुलगा आणि मुलगी, दोघांत. आज कंपनीची किंमत विचार, दादा एक सांगेल, जावई दुसरी. मी मधे बसून न्याय करायचा आणि दोघांनी मला शिव्या द्यायच्या. बाजारात गेलं की किंमत रोज पेपरात छापून येते. ती कुणाच्या आईनं ठरवलेली नसते. मी मेल्यावर पोरांनी एकमेकांचं तोंड बघावं, बास.”

त्यांनी ओळ लिहून दिली. ‘सभेस तीन संचालक उपस्थित होते.’ वळणदार, स्वच्छ, निर्दोष. मी कागद घेतला आणि बाहेर आले.

सेक्रेटरी जिन्यात माझी वाट बघत होती. तिच्या हातात एक दुमडलेली चिठ्ठी होती.

५

“हे मी टाकून दिलं नाही,” ती म्हणाली. “का, ते विचारू नका.”

माझ्या खोलीत दार लावून तिनं चिठ्ठी उघडली. ऑफिसच्या प्रिंटरवर छापलेली एकच ओळ. सोमवारी दुपारी तिच्या टेबलावरच्या फायलीत कुणीतरी सरकवून ठेवली होती. ‘ठरावात “सर्व” या शब्दाच्या आधी “उपस्थित” असा शब्द घालावा.’

“सही नव्हती. मला वाटलं, दादा. त्यांचं असंच चालतं. म्हणून मी ‘वरून’ म्हणाले.” ती खुर्चीत बसली. “आणि मंगळवारी मिस्त्रींना कपाटाच्या दाराचा निरोप मीच दिला. माझ्या फोनजवळ तशीच दुसरी चिठ्ठी होती. ती मी फाडून टाकली. दाराला काहीच झालेलं नव्हतं हे नंतर कळलं. तेव्हापासून मला झोप नाही.”

मी तिला खोटं ठरवू शकले असते. पण पावणेनऊपासून ती सभेच्या खोलीत होती, आणि दोघं पुरुष एकमेकांना फारसे धरून नसताना दोघांनीही तेच सांगितलं होतं. ती, दादा आणि जावई, तिघंही एकमेकांच्या नजरेसमोर होते. घड्याळ थांबलं तेव्हाही आणि पुन्हा चालू झालं तेव्हाही.

चिठ्ठीकडे मी फार वेळ बघितलं नाही. गरज नव्हती. दादा हा शब्द दीर्घ लिहितात, जावई तो मोडून लिहितात आणि ‘घालावा’ न म्हणता ‘अॅड करा’ म्हणतात. या घरात शब्दाला दुहेरी अवतरणात बसवून, ‘या शब्दाच्या आधी’ अशी जागा सांगून, ‘असा शब्द घालावा’ म्हणणारं एकच माणूस होतं. ते वाक्य मी चौथीत फळ्यावर वाचलेलं होतं.

मी सेक्रेटरीला घरी पाठवलं. मला रडू आलं ते काकांसाठी की बाईंसाठी, हे मला सांगता येणार नाही.

६

दुपारी चार वाजता मी पुन्हा बाईंच्या खोलीत गेले. टेबलावर माझं सोमवारचं पान ठेवलं, सही-तारखेसकट. त्याशेजारी चिठ्ठी. त्याशेजारी मिस्त्रींचा परिच्छेद.

बाईंनी तिन्ही कागद वाचले. चष्मा काढून पुसला.

“पुढे?” म्हणाल्या. पाठांतर घेताना म्हणायच्या तसंच.

“तुम्ही मिस्त्रींना मनोऱ्यातून हलवलंत. नऊला पाच मिनिटं कमी असताना जिन्याखालचं बटण बंद केलंत आणि सभेला आलात. काका गाडीत अडकले. मनोऱ्यात फोन लागत नाही. ठराव झाल्यावर तुम्ही हात धुवायला म्हणून खाली गेलात आणि बटण चालू केलंत. वीज आली की गाडी आपोआप जवळच्या वरच्या मजल्यावर जाते, तशी ती चौथ्यावर जाऊन थांबली.”

“मग?”

“तुम्हाला वाटलं, काका तणतणत येतील, भांडतील आणि आठ दिवसांत विसरतील.”

खाली कारखान्यात जेवणानंतरची पाळी सुरू होती, तिचा आवाज येत होता.

“पंचवीस मिनिटं,” त्या म्हणाल्या. “बसायला स्टूल होतं. चहा होता. मी त्याला मारणार होते का? माझ्या लग्नात तो बारा वर्षांचा होता. मी त्याला वाढवलाय. फक्त पंचवीस मिनिटं त्यानं गप्प बसायचं होतं.”

“दुसरं कुणी असतं तर बसलं असतं, बाई. ओरडलं असतं, दार बडवलं असतं, पण बसलं असतं. ते लिफ्टवाले होते. आतून दार कसं उघडतं ते त्यांना माहीत होतं. सभा गाठायची होती त्यांना. गाडी तिसऱ्या आणि चौथ्याच्या मधे होती. त्यांनी खाली वाकून तिसऱ्याच्या दाराचा खटका काढला, हाताला ग्रीस लागलं ते तेव्हा. पिशवी आधी तिसऱ्याच्या फरशीवर टाकली, तिच्यातला थर्मास फुटला. मग गाडीच्या कडेवर बसून स्वतः खाली उतरायला गेले. गाडीच्या खाली पोकळी असते. अडुसष्टाव्या वर्षी पाय मागे घसरला. दार मागून आपोआप मिटलं.”

त्यांचा चेहरा बघवत नव्हता. मी तरी बघितला.

“कुलूप सैल होतं,” त्या म्हणाल्या. “मला सांगितलं तसं.”

“कुणी?”

बाईंनी तिन्ही कागदांच्या कडा जुळवल्या.

“मीच,” बाई म्हणाल्या. “दोन दिवस मीच मला सांगतेय. गाडी चौथ्यावर सापडली म्हणाले ना, म्हणजे तो सुखरूप उतरला होता. वीज आल्यावर उतरला आणि मग कुलूप बघायला गेला. असं झालं असलं तर माझ्यावर काही येत नाही.”

“वीज आल्यावर चौथ्यावर उतरलेल्या माणसाच्या हाताला आतल्या खटक्याचं ग्रीस लागत नाही. काकांच्या हाताला ते होतं.”

त्यांनी डोळे मिटून घेतले. मला त्यांची दया आली, आणि तेवढ्यात त्या परिच्छेदावर नजर गेली. दया होतीच, पण तिनं मिस्त्रींचं पोट भरणार नव्हतं.

“तुला कळतंय ना,” त्या म्हणाल्या, “हे खरं दाखल केलं की आयपीओ संपला. दादाचा कारखाना संपला. पोरं एकमेकांच्या जिवावर उठतील, आणि मधे मीही नसेन.”

“कळतंय.”

“पोलिसांत जाणार आहेस?”

“नाही. इथून मी मिस्त्रींच्या घरी जाणार आहे. तीन दिवस ते जेवलेले नाहीत. साहेबांना आपणच मारलं असं ते सगळ्यांना सांगतायत, आणि त्यांचा त्यावर विश्वास बसलाय. त्यांना काय सांगू, तेवढं सांगा. तुम्ही म्हणाल तेच सांगेन.”

बाईंनी माझ्याकडे बघितलं. एवढ्या वर्षांत त्यांनी मला उत्तर विचारलं होतं, मी त्यांना कधी विचारलं नव्हतं. त्यांचा हात टेबलावर पेन शोधत होता आणि पेन समोरच होतं. मी ते हातात दिलं.

परिच्छेदावर त्यांनी कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत आडवी रेघ मारली. खाली चार ओळी लिहिल्या, स्वतःचं पद घालून, बटणासकट आणि वेळेसकट. खाली सही केली. मग फोन उचलून मुलाला म्हणाल्या, “वर ये. जावयांनाही घेऊन ये. आणि येताना वकिलांना फोन कर.”

मी दाराशी पोचले तेव्हा मागून त्या म्हणाल्या, “कुलूप घट्ट होतं म्हणून सांग त्याला.”

७

माहितीपत्रक शुक्रवारी दाखल झालं नाही. पुढेही कधी झालं नाही. बाईंचं वय बघून पोलिसांनी त्यांना घरीच नजरेखाली ठेवलं. दादा आणि त्यांची बहीण आता वकिलांमार्फत बोलतात, म्हणजे बाईंना ज्याची भीती होती तेच झालं. माझं निम्मं बिल अजून यायचंय आणि मी मागायला जाणार नाही.

पण हे सगळं नंतरचं. त्या गुरुवारी मी पाचच्या सुमारास मिस्त्रींच्या घरी पोचले. ते तसेच पलंगाच्या कडेला बसले होते. बायकोनं ताट वाढून पुढे ठेवलं होतं आणि त्यावरचा भात वाळून चालला होता.

मी त्यांना सगळं सांगितलं, काही न गाळता. बटण, पंचवीस मिनिटं, पिशवी, ग्रीस. बाईंचं नाव ऐकून त्यांच्या बायकोनं तोंडावर हात धरला. मिस्त्रींनी मात्र त्याबद्दल एक अक्षर विचारलं नाही. ते माझ्या तोंडाकडे बघत होते, आणि त्यांना हवं ते अजून आलं नव्हतं.

“म्हणजे तिसऱ्याचं कुलूप?” ते म्हणाले.

“घट्ट होतं.”

“सोमवारी मी केलं तसं?”

“तसंच. काकांना ते आतून खटका काढूनच उघडावं लागलं.”

“पुन्हा सांगा,” ते म्हणाले.

मी सांगितलं. त्यांनी मला ते आणखी दोनदा सांगायला लावलं, आणि मग ताट पुढे ओढलं.